दोन हजेऱ्या : वसतिगृहें, सुधारशाळा आणि त्यांचीं दप्तरें

१. प्रास्ताविक

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या एका स्नेह्यांनीं रद्दींतून वांचविलेलें एक बांधीव पुस्तक कांहीं काळापूर्वीं मजकडे वाचावयास दिलें. त्याचीं पहिलीं व शेवटचीं पानें गेलेलीं आहेत. संस्थेचें नांव कोठेंहि नाहीं. कागदावरून व मोडी अक्षराच्या वळणावरून तें पहिल्या महायुद्धाच्या आगेंमागें लिहिलें गेलें असावें. आंत रकाने आखलेले आहेत : अनुक्रम, मुलाचें नांव, बापाचें नांव, जात, वय, आल्याची तारीख, कारण, मुदत, इयत्ता, धंदा व शेरा. स्नेह्यांची समजूत अशी कीं, हें एखाद्या बोर्डिंगाचें पटपुस्तक असावें. आणि त्यांतील नांवांची यादी आपल्या त्रैमासिकांत छापावी, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांच्या घराण्यांचा शोध लागेल, अशी त्यांची सूचना होती.

“कारण” व “मुदत” हे दोन रकाने वाचल्यावर माझें मत निराळें झालें. बोर्डिंगांत राहावयास आलेल्या मुलाची मुदत कोणी लिहून ठेवीत नाहीं. हें पुस्तक वसतिगृहाचें नसून सुधारशाळेचें, म्हणजे न्यायाधीशाच्या हुकुमानें ठेवून घेतलेल्या मुलांच्या शाळेचें आहे. तेव्हां ज्या यादीनें घराण्यांस भूषण वाटेल असें आम्ही मानीत होतों, तीच यादी कोणा नातवाच्या वाट्यास अकारण लाजिरवाणी होईल. यादी छापावी कीं नाहीं, या प्रश्नाचा विचार करूं लागलों असतां असें दिसून आलें कीं, घराबाहेर ठेवून शिकविलेल्या मुलांचीं दप्तरें किती प्रकारचीं असतात व तीं कशीं ओळखावीं, याचें विवेचन संग्राहकांच्या उपयोगाचें आहे. तें यथामति करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. हजेरी हा शब्द

मूळचा अरबी “हाजिर” शब्द फारसीच्या वाटेनें आपल्या भाषेंत आला. मराठी दप्तरांत त्यापासून झालेल्या “हजेरी” या शब्दास दोन स्वतंत्र अर्थ लाभले, व दोन्ही आपल्या विषयाशीं निगडित आहेत. एक हजेरी शाळेची : पंतोजी नांव पुकारतो, मूल “हजर” म्हणतें, व पटावर खूण होते. दुसरी हजेरी चावडीची : ज्या जातींस सरकारनें गुन्हेगार ठरविलें, त्यांतील माणसांनीं ठराविक वेळीं पाटलापुढें अथवा पोलिसापुढें जाऊन आपण गांवांतच आहों हें दाखवावयाचें. पहिल्या हजेरींत न येणाऱ्यास विद्येची हानि, दुसरींत न येणाऱ्यास तुरुंग. पहिलीचें पुस्तक मूल पुढें जावें म्हणून ठेवतात, दुसरीचें माणूस कोठें जाऊं नये म्हणून.

सुधारशाळेचें हजेरीपुस्तक या दोहोंच्या मध्यें आहे. तें शाळेचेंहि असतें आणि चावडीचेंहि असतें. म्हणूनच तें वाचणें अवघड होतें.

३. शास्त्रांतील बाल

अल्पवयी अपराध्याचा निराळा विचार करावा ही कल्पना पाश्चात्यांनींच प्रथम आणली, असें पुष्कळदां लिहिलें जातें. तें पूर्णांशानें खरें नाहीं. नारदस्मृतींत आठ वर्षांपर्यंतचें मूल गर्भस्थासारखेंच मानावें व सोळा वर्षांपर्यंतचा तो बाल समजावा, असें सांगितलें आहे. प्रायश्चित्तप्रकरणीं सोळाच्या आंतील मुलास निम्मेंच प्रायश्चित्त, असा निर्णय निबंधकारांनीं स्वीकारला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत पुत्र, शिष्य इत्यादिकांस चुकीबद्दल दोरीनें अथवा वेळूच्या कांबीनें मारण्याची मुभा आहे. परंतु तें पाठीवर, मस्तकावर कदापि नाहीं, आणि याविरुद्ध वागणारास चोराचा दोष लागतो अशी मर्यादा लगेच घातली आहे.

इ. स. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत तर बंदिखान्यांतील मुलांचा स्पष्ट निर्देश येतो. दुसऱ्या अधिकरणांतील नागरिकाच्या प्रकरणांत असा नियम आहे कीं, राजाच्या जन्मनक्षत्रास व पौर्णिमेस बंधनागारांतून बाल, वृद्ध, व्याधिग्रस्त व अनाथ यांची सुटका करावी. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. त्या काळीं मुलें बंदींत पडत होतीं. आणि तीं तेथें असूं नयेत हेंहि राजनीतीस मान्य होतें. परंतु त्यांस तेथें कांहीं शिकवावें, ही कल्पना मात्र या वचनांत नाहीं. शिकणारे मूल तें अंतेवासी, म्हणजे गुरूच्या निकट राहणारें. बंदींतील मूल तें निराळें. दोघेहि घराबाहेर, परंतु एकाच्या राहण्यास विद्या हें कारण, दुसऱ्याच्या राहण्यास अपराध. हीं दोन कारणें एकाच छपराखालीं आणण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकांतला आहे.

४. गादीवरील बंदी

या विषयाचें करवीरच्या इतिहासांतील पहिलें ठळक उदाहरण झोपडींतलें नसून राजवाड्यांतलें आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. राजाराम महाराज युरोपांतून परत येत असतां ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्स येथें निवर्तले. त्यानंतर १८७१ सालीं दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज त्या वेळीं अवघे आठ वर्षांचे होते. त्यांचें बालपण नेमलेल्या शिक्षकांच्या व पालकांच्या देखरेखीखालीं गेलें. पुढें त्यांस वेड लागलें असें इंग्रज अधिकाऱ्यांनीं ठरविलें. १८८२ सालीं कागलचे जयसिंगराव आबासाहेब घाटगे हे राज्याचे रीजंट झाले. आणि १८८३ सालीं महाराजांस अहमदनगरास नेऊन ठेवण्यांत आलें. तेथेंच देखरेखीवर नेमलेल्या एका गोऱ्या शिपायाशीं झटापट होऊन २५ डिसेंबर १८८३ रोजीं त्यांचा अंत झाला. वय विसांच्या घरांत होतें. शिक्षणासाठीं ठेवणें व कोंडून ठेवणें यांतील सीमा कशी पुसट होत जाते, याचें यापरतें दुःखद उदाहरण आमच्या दप्तरांत दुसरें नाहीं.

याच प्रकरणांतून महाराष्ट्रास सुपरिचित असा खटला उद्भवला. महाराजांस जाच होतो, व त्यामागें कोल्हापूरचे कारभारी रा. ब. माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशा आशयाचीं पत्रें केसरी व मराठा या पत्रांनीं छापलीं. बर्वे यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली, पत्रें बनावट ठरलीं, आणि जुलै १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगांत ते १०१ दिवस होते. आगरकरांनीं त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलें आहे. दोघेहि त्या वेळीं न्यू इंग्लिश स्कुलाचे शिक्षक होते. कोंडलेल्या एका मुलाच्या बाजूनें लिहिल्याबद्दल दोन शिक्षक स्वतः कोंडले गेले. त्या तुरुंगाचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगावयाचें आहे.

रीजंटांचे चिरंजीव यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजीं दत्तक येऊन शाहु महाराज झाले. त्यांचें वय दहाच्या आंतच होतें. त्यांसहि घर सोडून शिकावें लागलें : प्रथम राजकोटच्या राजकुमार कॉलेजांत १८८९ पर्यंत, व नंतर फ्रेझरसाहेबांच्या हाताखालीं धारवाडास. २ एप्रिल १८९४ रोजीं त्यांस राज्याधिकार मिळाले. त्यांच्या आधीं त्याच गादीवर आलेल्या मुलाची काय गत झाली हें त्यांस ठाऊक नसेल, हें संभवत नाहीं. यावरून त्यांच्या पुढील कार्याचा हेतु काढणें धाडसाचें होईल. परंतु परक्या गांवीं, परक्या देखरेखीखालीं शिकण्याचा अनुभव असलेला राजा वसतिगृहांचा प्रवर्तक झाला, एवढी नोंद इतिहासानें अवश्य करावी.

५. सुधारशाळेचा कायदा व पुस्तकाचे रकाने

ब्रिटिश मुलखांत अपराधी व निराधार मुलांसंबंधीं पहिला महत्त्वाचा कायदा १८५० चा १९ वा. त्यानें दहा ते अठरा वर्षांच्या मुलांस, विशेषतः पोरक्या व धर्मादायावर वाढणाऱ्या मुलांस, कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून देण्याची सोय केली. मुंबईस डेव्हिड ससून यांच्या औदार्यानें उभी राहिलेली औद्योगिक व सुधारशाळा याच सुमाराची, १८५७ ची. १८६० च्या दंडसंहितेनें सातच्या आंतील मुलाचें कृत्य अपराधच नव्हे, व सात ते बारांमध्यें समज पाहून ठरवावें, असा नियम घातला. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली आहे, परंतु ही वयोमर्यादा तशीच आहे. नारदाच्या आठ वर्षांशीं तिची तुलना जिज्ञासूंनीं करावी.

१८६४ च्या फटक्यांच्या कायद्यांत एक कलम असें आहे कीं, अल्पवयी अपराध्यास द्यावयाचे फटके हलक्या वेतानें, शाळेंतील शिस्तीच्या रीतीनें द्यावे. ज्यानें जन्मभर शाळेंत घालविला त्यास हें वाचून खालीं पाहावें लागतें. तुरुंगानें सौम्यपणाचें माप म्हणून शाळा निवडली; पण तें माप वेताचें होतें. फटक्यांची शिक्षा १९५५ सालीं रद्द झाली.

सुधारशाळांचा कायदा प्रथम १८७६ सालीं झाला, व त्याची जागा १८९७ च्या ८ व्या कायद्यानें घेतली. संग्राहकांच्या हातीं येणारीं बहुतेक पुस्तकें या दुसऱ्या कायद्याच्या अमलांतलीं असण्याचा संभव आहे. म्हणून त्याच्या आधारें रकाने कसे वाचावे तें सांगतों.

वय : कायदा पंधराच्या आंतील मुलग्यांस लागू होता. मुलींचा त्यांत समावेशच नव्हता. म्हणून अशा पुस्तकांत मुलींचीं नांवें आढळल्यास तें या कायद्याखालील नव्हे असें समजावें. वय किती हें न्यायाधीशानें चौकशी करून ठरवावयाचें होतें. गरीबाच्या घरीं जन्मपत्रिका कोठली? तेव्हां हा आंकडा अजमासाचा समजावा. आमच्या शाळांच्या दाखल-रजिस्टरांत कित्येक पिढ्यांच्या मुलांची जन्मतारीख “१ जून” अशीच लिहिलेली आढळते, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

मुदत : ती तीन वर्षांहून कमी व सात वर्षांहून अधिक असूं नये, आणि मुलगा अठराचा झाला कीं त्यास ठेवतां येऊं नये, असा नियम होता. यावरून पडताळा पाहण्याची सोपी रीत निघते. वय व मुदत यांची बेरीज अठराच्या आंत, आणि मुदत वर्षांत लिहिलेली, तर पुस्तक सुधारशाळेचें. मुदत महिन्यांत किंवा आठवड्यांत असेल तर तें साध्या तुरुंगाचें अथवा कच्च्या कैदेचें. मजकडे आलेल्या पुस्तकांत बेरीज कोठेंहि अठराच्या वर जात नाहीं. माझ्या निर्णयास मुख्य आधार हाच.

मुदतीचें हें मान डोळ्यांत भरण्यासारखें आहे. ज्या चोरीबद्दल मोठ्या माणसास कांहीं महिने पडावयाचे, तिच्याबद्दल मुलास तीन वर्षें तरी राहावें लागे; कारण ही शिक्षा नव्हे, शिक्षण होय, असें कायद्याचें म्हणणें. शिक्षण या शब्दाच्या आधारानें मुदत वाढली. तेव्हां त्या वर्षांत शिकविलें काय, हें विचारणें इतिहासकारास प्राप्त आहे.

इयत्ता व धंदा : सुधारशाळेंत काय असावें हें कायद्यानें मोजून सांगितलें आहे. रात्रीं मुलांस वेगवेगळें निजविण्याची सोय, आरोग्य, पाणी, अन्न, वस्त्र, अंथरूण, धंदेशिक्षणाचीं साधनें आणि आजाऱ्यांसाठीं खोली. या यादींत धंदा आहे, अक्षर नाहीं. वाचन-लेखन शिकविणें संचालकांच्या मर्जीवर राहिलें. म्हणून “इयत्ता” हा रकाना अशा पुस्तकांत असणें हीच मोठी गोष्ट समजावी. माझ्यासमोरील पुस्तकांत “धंदा” बहुतेक ठिकाणीं भरलेला आहे : सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, बागकाम. “इयत्ता” पुष्कळ ठिकाणीं कोरी आहे. परंतु कांहीं नांवांपुढें पहिलीच्या जागीं निराळ्या शाईनें दुसरी, व पुढें तिसरी केलेली दिसते. कोणी तरी मास्तर वर्षाअखेर तें पुस्तक काढून, एकेक नांव पाहून, आंकडा बदलीत होता. त्याचें नांव आपणांस कळावयाचें नाहीं.

शेरा : “परवाना” असा शेरा आल्यास मुलगा पळाला असें समजूं नये. चौदा वर्षांवरील मुलास भरंवशाच्या माणसाकडे अथवा धन्याकडे परवान्यावर राहूं देण्याची कायद्यांत सोय होती. शेऱ्यांतील “मयत” या शब्दास मात्र स्पष्टीकरण लागत नाहीं.

६. कुंपणांतील शाळा आणि १९१७–१८ चें करवीर

तिसऱ्या प्रकारचें दप्तर सेटलमेंटांचें. १८७१ चा गुन्हेगार जातींचा कायदा १९११ च्या सुधारणेनें मुंबई इलाख्यास लागू झाला, आणि सोलापूर, हुबळी वगैरे ठिकाणीं वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची तारेच्या कुंपणाची वसाहत आमच्या प्रांतांत सर्वांत प्रसिद्ध. येथें मुलानें कांहीं केलेलें असावें लागत नसे; जन्म पुरे होता. १९२४ च्या कायद्यानें तर सहा ते अठरा वर्षांच्या मुलांस आईबापांपासून वेगळें काढून औद्योगिक, शेतकीच्या अथवा सुधारशाळेंत ठेवण्याचा अधिकार सरकारास होता. अशा वसाहतींत शाळा होत्या, व त्यांतून कित्येक मुलें खरोखर शिकलीं, हेंहि सत्य आहे. परंतु मुलाचें नांव शाळेच्या पटावर येण्यापूर्वीं तें कुंपणाच्या पटावर आलेलें असे. हें दप्तर ओळखण्याची खूण अशी : नोंदी एकेका मुलाच्या नसून कुटुंबवार असतात, आणि बाहेर जाण्याच्या परवानगीचा हिशेब त्यांत असतो. मुंबई प्रांतांत हा कायदा १९४९ सालीं उठला, व सर्व देशांत ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं.

करवीर राज्यांत याच काळीं उलट दिशेनें पाऊल पडलें. १९१७ सालीं शाहु महाराजांनीं सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला. मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. पुढच्याच वर्षीं, १९१८ सालीं, महार, मांग, रामोशी, बेरड इत्यादि जातींची चावडीवरील हजेरी त्यांनीं बंद केली. फांसेपारध्यांस त्यांनीं सोनतळीच्या परिसरांत वसवून कामावर घेतलें. ज्यांस इतरत्र पहाऱ्यांत ठेवीत, त्यांस येथें पहाऱ्यावर ठेविलें. १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांचीं मुलें सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम झाला.

हे तीन हुकूम निरनिराळ्या प्रकरणांत छापले जातात : एक शिक्षणखात्यांत, एक पोलीसखात्यांत, एक अस्पृश्योद्धारांत. ते एकत्र वाचले म्हणजे त्यांतील संगति दिसते. राज्यानें एक हजेरी लावली व दुसरी काढली. ज्या घरांतील बाप चावडीवर उभा राहत होता, त्या घरांतील मुलास शाळेंत उभें राहावयास सांगितलें. सेटलमेंटमध्यें दोन्ही हजेऱ्या एकाच कुंपणांत घेतल्या जात. येथें एकीच्या जागीं दुसरी आली. माझ्या मतें करवीरच्या शैक्षणिक धोरणाचें मर्म या अदलाबदलींत आहे.

७. बोर्डिंगें

वसतिगृहांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, म्हणून येथें थोडक्यांत सांगतों. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग निघालें; १९०६ सालीं मुसलमान विद्यार्थ्यांची सोय झाली; १९०८ सालीं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह; शिवाय लिंगायत, दैवज्ञ, नामदेव, सारस्वत, ख्रिस्ती इत्यादि समाजांचीं; आणि १९२० सालीं प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग. दसरा चौकाच्या आसपास हिंडतांना यांतील कांहीं इमारती अद्याप दृष्टीस पडतात. या संस्थांच्या दप्तरांची खूण म्हणजे गांव, तालुका, शिष्यवृत्ति व भोजनखर्च हे रकाने. मुलगा कोठून आला व त्यास जेवावयास काय पडलें, हें बोर्डिंग लिहितें. त्यानें काय केलें व तो केव्हां सुटेल, हें सुधारशाळा लिहिते.

तथापि बोर्डिंगाच्या भिंतींस दार होतें म्हणून तेथें बंधन नव्हतें, असें मानूं नये. भाऊराव पाटील कोल्हापुरास जैन बोर्डिंगांत राहून राजाराम हायस्कुलांत शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्याचें त्यांनीं नाकारलें, म्हणून त्यांस बोर्डिंग सोडावें लागलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. सुधारशाळेंत शिक्षा म्हणजे आंत राहणें. वसतिगृहांत शिक्षा म्हणजे बाहेर जाणें. त्याच भाऊरावांनीं ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कालें येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह काढलें, आणि १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहु महाराजांचें नांव दिलें. तेथेंहि मुलें हातानें काम करीत. कमवा व शिका हें तर संस्थेचें ब्रीदच झालें. सुधारशाळेंतील “धंदा” व साताऱ्याच्या बोर्डिंगांतील श्रम हे पाहणारास सारखेच दिसतील. एकांत अक्षर हें श्रमानंतर उरल्या वेळीं मिळे, दुसऱ्यांत श्रम हा अक्षरासाठींच होता.

८. पुढील कायदे

१९१९–२० च्या तुरुंगचौकशी कमिटीनंतर मुलांस तुरुंगापासून दूर ठेवण्याचें धोरण बळावलें. मुंबई प्रांतांत १९२४ सालीं मुलांचा कायदा व १९२९ सालीं बोर्स्टल शाळांचा कायदा झाला. बोर्स्टल हें इंग्लंडांत केंट परगण्यांतील गांवाचें नांव; तेथें विसाव्या शतकाच्या आरंभीं तरुण कैद्यांची शाळा निघाली, त्यावरून अशा शाळांस तें नांव पडलें. १९२७ सालीं मुंबईस चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि उमरखाडी-डोंगरीचा जुना तुरुंग मुलांच्या संस्थेकडे गेला. शिवाजी महाराजांच्या प्रकरणांत टिळक व आगरकर जेथें कोंडले गेले, तें हेंच ठिकाण. वर राहिलेलें सांगणें तें हें.

१ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, व प्रांताचे कायदे येथें आले. सांप्रत सर्व देशास २०१५ चा बालन्याय कायदा लागू आहे. त्यानें अठराच्या आंतील सर्व मुलें व मुली घेतल्या. अपराधी हा शब्द टाकून “विधिसंघर्षग्रस्त बालक” असा शब्द योजला. चौकशी चालू असतां निरीक्षणगृह, निर्णयानंतर विशेषगृह, आणि काळजी व संरक्षण ज्यांस हवें त्यांस बालगृह, अशी वांटणी केली. विशेषगृहांतील मुदत जास्तींत जास्त तीन वर्षें. १८९७ च्या कायद्यांत जें किमान होतें तें आतां कमाल झालें आहे. संस्थेंत शिक्षण दिलें पाहिजे, हेंहि आतां कायद्यांत स्पष्ट आहे. शिवाय २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणावर हक्क आहे.

परंतु जुन्या पुस्तकानें दाखविलेली अडचण अजून संपलेली नाहीं. जें मूल निरीक्षणगृहांत थोडे आठवडे राहतें, त्याचें नांव मूळ शाळेच्या पटावर असतेंच. गृहांत त्याची रोज हजेरी होते. शाळेंत त्याच्या नांवापुढें रोज गैरहजेरी पडते. परत आल्यावर वर्गानें पुढें जाऊन पोहोंचलेला धडा व त्याचा राहिलेला धडा यांत अंतर पडतें, आणि तें कशानें पडलें हें त्यास सांगतां येत नाहीं. एका हजेरींत हजर असल्यामुळें दुसरींत गैरहजर, ही त्याची स्थिति. तो राहिलेला धडा घेण्यास कोणी शिक्षक तेथें रोज बसतो कीं नाहीं, यावरच गृहाचें शाळापण ठरावें. इयत्तेचा आंकडा बदलणारा तो अनामिक मास्तर मला म्हणूनच मोठा वाटतो.

९. संग्राहकांस विनंती

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. यादी छापावी काय?

बालन्याय कायद्याचीं दोन कलमें येथें मार्गदर्शक आहेत. एकानें अशा मुलाचें नांव, पत्ता, शाळा वगैरे ओळख पटेल असें कांहींहि छापण्यास मनाई केली आहे. दुसऱ्यानें, सोळा वर्षांवरील मुलांच्या घोर अपराधांचा अपवाद सोडून, मुदत संपल्यावर दोषित्वाचे कागद नष्ट करावे व त्या दोषानें मुलास पुढें कोणतीहि अपात्रता येऊं नये, असें म्हटलें आहे. शंभर वर्षांच्या जुन्या पुस्तकास हीं कलमें अक्षरशः लागू करावीं असें माझें म्हणणें नाहीं. पण त्यांतील तत्त्व आम्हां कागद जपणारांस विचारांत पाडणारें आहे. आम्ही आजन्म “कागद जाळूं नका” असें सांगत आलों. येथें कायदा दयेपोटीं कागद नाहींसा करावयास सांगतो. चालू काळच्या मुलांच्या बाबतींत कायद्याचेंच खरें. कोणा संग्राहकाच्या हातीं अलीकडील काळचें असें पुस्तक रद्दींतून आलें, तर तें संग्रहांत न ठेवतां ज्या खात्याचें त्या खात्याकडे पोहोंचवावें.

जुन्या पुस्तकांविषयीं माझी सूचना पुढीलप्रमाणें आहे. पुस्तक संपूर्ण जपावें. पानें सुटीं करून विकूं अथवा वांटूं नयेत, कारण एका पानावरून मुदतीचा पडताळा होत नाहीं. सूचींत संस्थेचा प्रकार, काळ, रकान्यांचीं नांवें व पानांची संख्या द्यावी. वय, मुदत, धंदा व इयत्ता यांचें कोष्टक करून खुशाल छापावें. इतिहासास लागतें तें एवढेंच. नांवें मात्र छापूं नयेत. “जात” व “कारण” हे दोन रकाने एकमेकांशेजारीं छापण्याची तर विशेष सावधगिरी बाळगावी; एका काळीं याच दोन गोष्टी जोडून माणसांच्या जातीच्या जाती चावडीवर उभ्या केल्या होत्या, हें वर दाखविलेंच आहे. ज्या घरच्या माणसास आपल्या पूर्वजाचा शोध घ्यावयाचा असेल, त्यास तें पुस्तक समक्ष येऊन पाहतां यावें. आपल्या घरची गोष्ट उघड करावयाची कीं झांकावयाची, हें त्यानें ठरवावें, आम्हीं नव्हे.

स्नेह्यांस हें मान्य झालें. पुस्तकास नवीन बांधणी करून तें मंडळाकडे ठेवण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे. ज्या सदस्यांजवळ बोर्डिंगांचीं, सुधारशाळांचीं अथवा वसाहतींचीं अशींच पुस्तकें असतील, त्यांनीं वरील खुणांनीं तीं तपासून रकान्यांची माहिती कळवावी, म्हणजे एक साधार सूची तयार होईल. नांवें कळवूं नयेत.